सत्तावीस तारखेआधीचा उत्सव

१२ जानेवारी २०००, बुधवार

काढावं लागेल, म्हणाले डॉक्टर. दाढ काढावी लागेल असं सांगावं तशा स्वरात. आबांचं स्वरयंत्र.

तारीखही देऊन टाकली. सत्तावीस. आधी उत्तरायण, मग आमच्या संगणकाच्या क्लासवाल्यांचा तो उत्सव, मग सव्वीस जानेवारी, मग आबांचा गळा. कॅलेंडरच्या एकाच पानावर सगळं.

आबांनी रिपोर्टची घडी घातली आणि म्हणाले, "सव्वीसला फायनल आहे, सोसायट्यांची. तेवढी होऊ द्या." डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. या वयात हे खेळणार की काय! मी सांगितलं, माझे वडील खेळत नाहीत, बोलतात.

त्या परक्या माणसाला कसं समजवायचं? आबा बडोद्याबाहेरच्या नंदेसरीच्या केमिकल प्लांटमधून रिटायर झाले, पण फत्तेसिंहराव म्हटल्यावर कारेलीबागेत कोणाला प्लांट आठवत नाही. माईक आठवतो. टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचेस, गणपतीची मिरवणूक, गरब्यात कोणाचं पोर हरवलं तर त्याच्या शर्टाचा रंग – सगळं आबांच्या आवाजात. एका वाक्यात गुजराती, हिंदी, मराठी, आणि ऐकणाऱ्याला कुठेही अडखळायला होत नाही.

डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. नुसत्या रेडिएशनच्या शेकाने भागण्याची वेळ गेली. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. पुढे गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, जमलं तर जमलं. आबा मान हलवत होते, दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय असं.

आई बाहेर बाकावरच बसून राहिली. आत आलीच नाही. मी रिक्षात तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाजी काय करू?"

१४ जानेवारी, शुक्रवार

उत्तरायण. गच्ची भरलेली. तिळाची चिक्की, उंधियू, पलीकडच्या बिल्डिंगमधून स्पीकर. दरवर्षी एक पतंग कापला की आबा "काप्यो छे" असं काही ओरडतात की खाली रस्त्यावरचा स्कूटरवालाही वर बघतो. आज फिरकी धरून बसले होते, गप्प.

शेजारचे प्रतापसिंहराव म्हणाले, "काय फत्तेसिंहभाई, आज अवाज बसला का?"

"हो ना. थंडी," आबा म्हणाले.

कोणालाच सांगायचं नाही असं ठरलंय. कोणी ठरवलं ते माहीत नाही.

१६ जानेवारी, रविवार

रविवार असून क्लासला जावं लागलं. गुरुवारपासून 'डिजिटल उत्सव'. चार दिवस, अकोट्याच्या मैदानात. संगणकवाले, सिनेमावाले, जाहिरातवाले, डिझाइनवाले. मुंबई, पुणे, बेंगलोरहून येणार. बडोद्यात असं काही पहिल्यांदाच होतंय, म्हणून क्लासच्या सरांच्या अंगात आलंय.

मी क्लासमध्ये अॅनिमेशन शिकवते. म्हणजे पोरांना संगणकावर चेंडू उडवायला शिकवते. चेंडू पडताना चपटा होतो, उडताना लांबट. आबा म्हणतात, पणजोबा गायकवाड सरकारच्या फौजेत होते आणि पुढे घराण्याचं काय झालं, तर एक चेंडूवर बोलतो आणि एक चेंडू काढते.

आमच्या स्टॉलवर एक आवाजाची केबिन असणार आहे. काचेची, आतून फोम लावलेली. कोणीही यावं, गावं, बोलावं, सीडी घेऊन जावं. ती कोमल सांभाळणार. कोमल माझ्याबरोबर शिकवते, रेल्वे कॉलनीत राहते, मनात काही ठेवत नाही. "तुझ्या आबांना आण ना. लाइन लागेल," म्हणाली. मग मी तिला सांगितलं. सांगायचं नव्हतं. ती बराच वेळ हातातल्या वायरला गाठी मारत बसली. मग म्हणाली, "मग तर आणच."

१७ जानेवारी, सोमवार

विचारलं. आबा बुटांना पॉलिश करत होते.

"आबा, उत्सवात एक केबिन आहे. तुमचा आवाज रेकॉर्ड करू या."

"कशाला?"

"असू दे."

ब्रश चालू होता. "असं बघ राजू. माणूस गेला की मागे आवाज ठेवतात, ते समजतं. पण मी असणार ना इथेच? तुम्ही माझा आवाज लावणार, आणि मी समोर बसून ऐकणार. आणि उत्तर द्यायचं झालं तर?"

आवाज राहील एवढाच विचार केला होता मी. त्याच्यासमोर आबा बसलेले असतील, हे डोक्यातच आलं नव्हतं.

१९ जानेवारी, बुधवार

उद्या उत्सव. ड्रेसला इस्त्री केली, बिंदी जुळवली. मनातून आनंद होतोय, आणि त्याची लाज वाटतेय.

२० जानेवारी, गुरुवार

पाय दुखतायत. डोकं थांबत नाही.

मंडप लग्नाचाच, फक्त झालर निळी. खाली गालिचा, गालिच्याखाली वायरी; दर थोड्या वेळाने कोणीतरी अडखळतो आणि कुठलातरी संगणक बंद पडतो. पाहुण्यांनी नव्या शतकावर भाषण केलं तेव्हा माईक कुई करत होता. आबा असते तर आधी माईकवर टिचकी मारून बघितली असती, असं वाटून गेलं.

पण मजा आहे. एका पडद्यासमोर उभं राहिलं की आपला चेहरा चघळलेल्या रबरासारखा लांबतो. तिथे शाळेची पोरं हलेनात. मुंबईच्या एका माणसाने दाखवलं, सिनेमातला धबधबा खरा नसतोच. लहरीपुऱ्याच्या बाजारातले दुकानदार पण आले होते, साड्यांची वेबसाइट करून मिळेल का विचारत. "पण हात लावल्याशिवाय साडी कोण घेईल?" हा प्रश्नही त्यांचाच.

शेवटच्या रांगेत पुण्याचा एक स्टॉल. विश्राम नावाचा बारीक, दाढीवाला मुलगा. त्याचा संगणक बोलतो. आपण टाइप करायचं, तो वाचतो. हिंदी आणि मराठी. सगळे आपापली नावं टाइप करत होते. कॉलेजच्या पोरांनी शिवी टाइप केली. यंत्राने ती इतक्या सभ्यपणे म्हटली की विश्रामसुद्धा हसला.

गर्दी कमी झाल्यावर मी टाइप केलं – आबा.

"आ. बा." यंत्र म्हणालं. डब्यातून आल्यासारखं.

हेच की! आबा टाइप करतील, यंत्र बोलेल. मी विश्रामला विचारलं, ज्याला बोलता येत नाही त्याला हे चालेल का.

"त्यांच्यासाठीच करतोय खरं तर," तो म्हणाला. "पण स्टॉलवर तसं सांगितलं की लोक गंभीर होतात आणि पुढे जातात. म्हणून नावं टाइप करायला लावतो."

२१ जानेवारी, शुक्रवार

आज माझी फिल्म दाखवली. एक म्हातारी पापड वाळत घालते आणि कावळ्याशी भांडते, एवढंच. छोट्या पडद्यावर, पंधरा-वीस खुर्च्या. लोक कावळ्याला हसले ते बरोबर जिथे हसायला हवं तिथे. बेंगलोरच्या स्टुडिओच्या बाई पुढे आल्या, म्हणाल्या कावळ्याची मान फार छान जमली आहे, आमच्याकडे येऊन बघाल का? कार्ड दिलं. मग त्यांच्या माणसांबरोबर चहा, मग त्यांचं काम बघितलं, मग अजून चहा.

स्कूटर काढताना लक्षात आलं – दुपारभर आबा आठवलेच नाहीत. एकदाही.

घरी आई म्हणाली, दुपारी खोकल्यातून रक्त आलं. आबा म्हणाले, थोडंसंच. कार्ड पर्समध्येच राहिलं. ते दाखवायची आज वेळ नव्हती.

कोमलकडून क्लासचा छोटा रेकॉर्डर मागून आणलाय. ती म्हणाली, "त्यांना सांगितलंस?" मी म्हटलं, हो.

२२ जानेवारी, शनिवार

आज दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी घरी. रेकॉर्डर डायनिंग टेबलाजवळच्या फडताळात, पोह्यांच्या डब्यामागे ठेवला आणि चालू केला.

आबा फोनवर मॅचवाल्यांशी बोलले. केबलवाल्याशी भांडले. पेपर मोठ्याने वाचला, ते नेहमीच वाचतात. आवाज घोगरा, मध्येच फाटणारा, पण आबांचाच. मी भाजी निवडत होते आणि मनात म्हणत होते, अजून, अजून.

मग त्यांनी पोह्यांचा डबा काढला. खरं तर ते कधी काढत नाहीत.

रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि समोर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं मी."

"म्हणूनच विचारलं नाही."

"हं."

मी कॅसेट मागे नेली आणि परत रेकॉर्डचं बटण दाबलं. म्हणजे आधीचं पुसलं जाणार. आम्ही दोघं समोरासमोर गप्प बसलो आणि ती फिरत राहिली. थांबवावी असं मला फार वाटत होतं. थांबवली नाही. मध्येच आई येऊन म्हणाली, "चहा घेणार का कोणी?" कॅसेटवर आता तेवढंच असणार.

कॅसेट संपून बटण वर उडाल्यावर आबा म्हणाले, "तुझ्या त्या उत्सवात असतं तरी काय?"

मी विश्रामच्या यंत्राबद्दल सांगितलं. जरा जास्तच चांगलं सांगितलं बहुतेक. ऑपरेशननंतरचं सगळं सोपं वाटावं म्हणून. आबांनी ऐकून घेतलं.

"उद्या येतो. हिलाही आणतो."

२३ जानेवारी, रविवार

आबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, आई अबोली साडीत. शेवटचा दिवस, रविवार, पाय ठेवायला जागा नाही. तरी वाटेत माणसं भेटतच होती. "अरे फत्तेसिंहभाई, केम छो? सव्वीसला येणार ना?" आबा हात वर करत होते. आवाज वाचवत होते.

रबरी चेहऱ्यासमोर आई बराच वेळ थांबली. हसली नाही, पण हललीही नाही. कोमलने तिला केबिन दाखवली. आबांनी काचेतून आत बघितलं आणि पुढे चालू लागले.

मग विश्रामचा स्टॉल. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने आबांना खुर्ची दिली, आबा बसले नाहीत.

"यात माझा आवाज घालता येईल?"

मला वाटलं, विश्राम काहीतरी गोड बोलेल. तो म्हणाला, "नाही काका. त्याला खूप दिवस बसून वाचून घ्यावं लागतं, गळा चांगला असताना. आता नाही व्हायचं. हाच आवाज घ्यावा लागेल."

"हा कोणाचा आहे?"

"आमच्या ऑफिसातल्या एकाचा. तुकडे करून जोडलाय."

"आणि हे मैदानात कसं न्यायचं?"

विश्रामने टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरकडे बघितलं. "अजून नाही नेता येत."

आबांनी मान डोलावली. त्याचा खरेपणा त्यांना आवडला असावा. मग म्हणाले, "बरं, लिही. राजू, जेवून घे, वाट बघू नको."

हे आबा रोज म्हणतात. फोनवरून, जिन्यातून, दार लावता लावता.

विश्रामने टाइप केलं. "रा. जू. जेवून. घे. वाट. बघू. नको," यंत्र म्हणालं.

मागे उभी असलेली पोरं हसली. त्यांचं चुकलं नाही, ते हसण्यासारखंच होतं. आबाही हसले, बऱ्याच दिवसांनी. विश्रामच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "करत राहा. चांगलं काम आहे." आणि आईला घेऊन निघाले. आई जाताना वळून वळून यंत्राकडे बघत होती, लग्नात अनोळखी पाहुण्याकडे बघावं तशी.

संध्याकाळी मंडप उतरवायला लागले. मी घरी आले तेव्हा आबा झोपाळ्यावर होते.

"राजू, मी ऑपरेशन करणार नाही. डॉक्टरला तू कळव."

२४ जानेवारी, सोमवार

कळवलं नाही.

दिवसभर भांडलो. म्हणजे मी भांडले. आबा हळू बोलत होते, त्याने अजूनच डोकं फिरलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंत ना? म्हणाले, ऐकलं. मी म्हटलं, मग? म्हणाले, "शेक घेऊन जेवढे दिवस मिळतील तेवढे बोलून काढतो. मुका होऊन खूप दिवस घेऊन करू काय?"

"आम्ही आहोत ना!"

"तुम्ही आहात. मी कुठे असेन?"

मग मी म्हटलं, तुम्हाला आमच्यापेक्षा माईक प्यारा. म्हटलं खरं. आबा उठून गच्चीवर गेले.

मी त्यांना तिथे नेलं नसतं तर? ते यंत्र दाखवून मी त्यांना धीर देणार होते! त्यांना त्यात आपलं पुढचं आयुष्य दिसलं, आणि ते हसण्यासारखं होतं.

आई तांदूळ निवडत होती. मी ओरडले, तू तरी बोल काहीतरी. तिने ताट हलवलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं बोलताय ना."

२५ जानेवारी, मंगळवार

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. बेंगलोरच्या बाईंचा क्लासमध्ये फोन आला होता म्हणे. मी परत केला नाही.

२६ जानेवारी, बुधवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. आवाज गॅलरीतून ऐकू यायला लागला आणि चपला घातल्या.

मैदानाला झेंड्याच्या पताका. टेबल, त्यावर चादर, माईक, कोमट पाण्याचा थर्मास आणि आबा. त्यांच्यामागे लहान पोरांचा घोळका, नेहमीसारखा. मी सीमारेषेजवळ उभी राहिले, त्यांना दिसणार नाही अशी.

पहिल्या डावात ठीक होते. खरखर होती, पण ते खरखरीलाच वापरत होते. बॉलर धावत आला की आवाज खाली, खाली, आणि बॅट लागली की वर. कोण कोणाचा मुलगा, कोणाची परीक्षा चालू आहे, कोणी गेल्या वर्षी कॅच सोडला, सगळं त्यांना पाठ. बॅट्समन आबांच्या आवाजावर छाती काढत होते. कौशल्याबेन नावाच्या आजी मोतीबिंदूमुळे काही दिसत नसूनही खुर्ची टाकून बसल्या होत्या. मॅच ऐकायला.

दुसऱ्या डावात उंच फटका गेला. "और ये गेंद –" एवढं म्हणाले आणि पुढे काही नाही. तोंड उघडं, माईक समोर, आवाज नाही. स्पीकरमधून नुसता श्वास. मैदानच थांबलं. धावणारा मुलगा टेबलाकडे बघायला लागला. मी निघाले होते पळत.

आबा पाणी प्यायले. घसा खाकरला. आणि जे काय उरलं होतं त्यातून म्हणाले, "बॉल बाउंड्री बहार, अने अवाज पण बाउंड्री बहार! दोघांचे चार-चार रन."

सगळे हसले. कौशल्याबेन सगळ्यात जास्त. कोणालाच काही माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी आभार मानले, दरवर्षी मानतात तसे. खेळाडूंचे, मंडपवाल्याचे, पाणी देणाऱ्यांचे, ज्यांच्या काचा फुटल्या त्यांचे. निरोपाचा एक शब्द नाही. माईकचं बटण बंद केलं आणि वायर गुंडाळायला लागले.

मी जवळ गेले, वायरचं दुसरं टोक धरलं. परवाच्या बोलण्याची माफी मागायची होती. "कशी झाली?" त्यांनी विचारलं. म्हटलं, छान.

घरी येऊन हे लिहितेय आणि मला कळत नाहीये. सोमवारी मला सगळं कळत होतं. आज तो माणूस त्या टेबलामागे बसलेला बघितला आणि आता मलाच वाटतंय, यांच्याकडून ते काढून घ्यायचं? कोणी? मी?

उद्या सकाळी दवाखान्यात पोचायला हवं. मी आता त्यांना चला म्हणू शकणार नाही.

२७ जानेवारी, गुरुवार

आबा उठलेच नाहीत. जागे होते, पंख्याकडे बघत पडून. मी दारापर्यंत गेले आणि परत आले.

आई हात पुसत खोलीत गेली. डॉक्टरांकडून आलो त्या दिवसापासून या विषयावर ती एक अक्षर बोलली नव्हती. म्हणाली, "अहो, मी स्वयंपाकघरात आहे. काही लागलं तर टाळी वाजवा. मला कळेल." आणि बाहेर येऊन कुकर लावला.

कुकरची शिट्टी झाली.

मग खोलीतून टाळी ऐकू आली. एकच. आवाज होता अजून त्यांच्याकडे. हाक मारता आली असती.

"आले," आई म्हणाली. गॅस बंद केला आणि कपाटावरची बॅग खाली काढली.